बॅक बटण फोकस लावूनही उडता पक्षी शार्प येत नाही, तेव्हा

शटरवरचा फोकस काढून कॅमेऱ्याच्या मागच्या एएफ-ऑन (ऑटोफोकस सुरू करायच्या) बटणावर नेला, कोणी सांगितलं तसं सगळं केलं, आणि तरी उजनी जलाशयावरच्या भिगवणहून परतल्यावर कार्डभर धूसर पक्षी. ही तक्रार दर हिवाळ्यात कानावर येते. त्यातले बरेच जण महिनाभरात कंटाळून फोकस पुन्हा शटरवर आणतात. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कोणीतरी आग्रह करतं, पुन्हा अंगठा मागच्या बटणावर जातो, आणि पुन्हा तेच.

तंत्र चांगलंच आहे, अडतं ते निदानावर. उडता पक्षी धूसर येण्याची कारणं अनेक आहेत आणि जवळपास प्रत्येकाची खूण त्या फोटोतच उमटलेली असते. ती खूण न बघता मेन्यूतलं एकेक सेटिंग बदलत बसलं की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. म्हणून इथे खुणांपासून सुरुवात करतो आणि मग उपायांकडे जातो.

हे तंत्र काय करतं आणि काय करत नाही

शटर अर्धं दाबलं की फोकस आणि पूर्ण दाबलं की फोटो, ही नेहमीची रचना. बॅक बटण पद्धतीत ही दोन कामं दोन बोटांवर वाटली जातात. अंगठा फोकस करतो, तर्जनी फक्त फोटो काढते. कॅननने ही सोय १९८९ साली ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात दिली होती, म्हणजे डिजिटलचा जमाना येण्याच्या कितीतरी आधी.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. अंगठा सतत दाबून ठेवून पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत राहिलात, तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने शटर अर्धं दाबून ठेवणं आणि हे करणं सारखंच आहे. तोच सेन्सर, तीच मोटर, तेच गणित. बॅक बटणामुळे फोकस जास्त अचूक लागतो हा समज सोडून द्या. खरा फायदा आहे तो अंगठा हवा तेव्हा उचलता येण्यात.

कवड्या खंड्याचं उदाहरण घ्या. काळा-पांढरा, तलावावर एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखा राहणारा. चोच सरळ खाली, नजर पाण्यात. त्या काही सेकंदांत त्याचं तुमच्यापासूनचं अंतर जवळजवळ बदलत नाही. अंगठा दाबून फोकस घ्यायचा, डोळा शार्प दिसला की अंगठा उचलायचा. आता तो पंख मिटून थेट खाली सूर मारतो. पडतोय तो उभ्या रेषेत, त्यामुळे अंतर पुन्हा जवळपास तेवढंच. तर्जनी शटरवर दाबलेली, कॅमेरा खाली वळतोय, आणि पक्षी फोकस पॉइंटखालून निसटला तरी फोकस हलत नाही, कारण फोकस चालूच नाही. तुम्ही अंगठा दाबून ठेवला असता, किंवा फोकस शटरवर असता, तर पॉइंट पक्ष्यावरून घसरताच लेन्स पलीकडच्या काठावरच्या बाभळींवर गेली असती.

सूर मारून तो मासा घेऊन तुमच्या दिशेने उडाला, तर मात्र अंगठा तत्काळ परत खाली. अंतर बदलत असेल तर दाबा, बदलत नसेल तर उचला. हे बोटांत मुरलं की हे तंत्र जमलं.

आधी फोटो वाचा

घरी आल्यावर पूर्ण बर्स्ट, म्हणजे एका दमात घेतलेले सगळे फोटो, संगणकावर उघडा, १०० टक्के मोठा करा आणि फ्रेम क्रमाने बघत जा. वाईट फोटो आधी डिलीट करायची घाई करू नका, निदान त्यांच्यातच आहे. कॅननचं डीपीपी, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि सोनीचं इमेजिंग एज ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि फोटो काढताना फोकस पॉइंट कुठे होता ते दाखवतात. ही माहिती हाताशी असताना अंदाज बांधत बसायचं काही कारण नाही.

मग विचारायचा प्रश्न एकच: या फ्रेममध्ये कुठे तरी काही शार्प आहे का?

मागची झाडी किंवा पाण्याच्या लाटा शार्प असतील, तर फोकस पार्श्वभूमीवर गेला. पंखाचं टोक शार्प आणि डोकं मऊ असेल, तर फोकस पक्ष्यावरच आहे, पण चुकीच्या भागावर. पक्ष्याच्या कडा एका दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर फोकस निर्दोष आहे आणि शटरचा वेग कमी पडला. पहिल्या काही फ्रेम धूसर आणि नंतरच्या शार्प, म्हणजे अंगठा उशिरा दाबला गेला. पहिली शार्प आणि पुढच्या क्रमाने धूसर होत गेलेल्या, म्हणजे फोकस एकदाच लागून थांबला. फ्रेमच्या एकाही भागात धार नाही आणि रेषा थरथरल्यासारख्या दिसतात, तर बहुधा हवा तापली होती.

आता एकेक घेऊ.

फोकस चालूच होत नाही, किंवा मध्येच थांबतो

इथे दहातली नऊ प्रकरणं अर्धवट सेटिंगची असतात असं मला नेहमी वाटतं. लोक मागच्या बटणाला फोकस देतात, पण शटरवरचा काढायला विसरतात. मग अंगठा उचलून काहीच होत नाही. शटर दाबताच कॅमेरा पुन्हा फोकस शोधायला लागतो.

निकॉनच्या मोठ्या बॉड्यांमध्ये मेन्यूत एएफ अ‍ॅक्टिव्हेशन शोधा आणि तिथे फक्त एएफ-ऑन निवडा. डी५६०० किंवा डी३५०० सारख्या कॅमेऱ्यांना एएफ-ऑन बटण नाही. तिथे एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑनचं काम द्यायचं, की शटरवरचा फोकस आपोआप बंद होतो. सोनीत एएफ विथ शटर बंद करायचं. कॅननच्या वरच्या बॉड्यांमध्ये कस्टम कंट्रोल्समध्ये जाऊन शटरच्या अर्ध्या दाबाला फक्त मीटरिंग (उजेड मोजणं) द्यायचं.

कॅननच्या नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे १५००डी, २००डी वगैरे, शटर/एई लॉक बटण या कस्टम फंक्शनमध्ये ० ते ३ असे चार पर्याय असतात. मागच्या तारांकित बटणावर फोकस १ नेही जातो आणि ३ नेही. दोन्हींत फरक मोठा आहे. पर्याय १ मध्ये शटर अर्धं दाबताच एक्स्पोजर गोठतं. पक्षी काळ्या डोंगरासमोरून उडत उजळ आकाशात आला की तो पांढराफटक येतो आणि माणूस फोकसला दोष देत बसतो. उडत्या पक्ष्यांसाठी पर्याय ३ घ्या. त्यात एक्स्पोजर गोठत नाही.

बटण बरोबर असूनही फोकस एकदा लागून थांबत असेल तर मोड बघा. सतत फोकस करत राहणारा मोड, म्हणजे कॅननमध्ये एआय सर्व्हो, बाकीच्यांत एएफ-सी हवा. वन शॉट किंवा एएफ-एसमध्ये कॅमेरा ‘पीप’ करून थांबतो, तुम्ही अंगठा कितीही दाबून ठेवा. बर्स्टमधली पहिली फ्रेम शार्प आणि पुढच्या मऊ होत गेलेल्या, ही त्याची खूण.

आणि जे सेटिंग तुम्ही काल केलं होतं ते आज सकाळी गायब असेल, तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. आपली सेटिंग साठवायच्या डायलवरच्या जागांत, म्हणजे कॅननच्या सी१, सी२, सी३ मध्ये किंवा निकॉनच्या यू१, यू२ मध्ये, केलेले बदल वेगळे साठवावे लागतात. साठवले नाहीत तर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जुनं सेटिंग परत येतं. कॅननमध्ये ऑटो अपडेट चालू करायचा पर्याय आहे. मला तो आवडत नाही, कारण गडबडीत चुकून झालेला बदलही मग कायमचा होतो. बदल करायचा आणि त्याच मिनिटाला पुन्हा रजिस्टर करायचा, ही सवय बरी. कॅननच्या पूर्ण ऑटो मोडमध्ये तर कस्टम सेटिंग लागूच होत नाही, तिथे फोकस शटरवरच असतो. डायल बॅगेत घासून फिरली का, हेही बघा.

व्हर्टिकल ग्रिप लावत असाल तर तिच्यावरचं एएफ-ऑन बटण आणि ते चालू-बंद करायचा खटका तपासा. कॅमेरा सरळ असताना सगळं ठीक आणि उभा धरला की फोकस नाही, याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

निकॉनच्या डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे, वापरणाऱ्यांसाठी आणखी एक बारीक गोष्ट. त्यांच्यात एएफ-ऑन दाबल्याने व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) सुरू होत नाही, त्यासाठी शटर अर्धं दाबावं लागतं. त्यामुळे फोकस मागे नेल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अचानक जास्त हलायला लागतं, पक्षी पॉइंटवर ठेवणं अवघड जातं, आणि नव्या पद्धतीने हात बिघडला असं वाटतं. अंगठ्याबरोबर तर्जनीही हलकेच अर्धी दाबून ठेवा. चित्र लगेच स्थिर होतं.

पहिल्या फ्रेम धूसर

उडता पक्षी दिसला की माणूस कॅमेरा उचलतो, पक्षी शोधतो, अंगठा दाबतो आणि त्याच क्षणी शटरही दाबतो. कॅमेऱ्याला पक्ष्याचा वेग मोजायला वेळच मिळत नाही. कंटिन्युअस फोकस हा पुढचा अंदाज बांधून चालतो. पक्षी मागच्या काही मोजणींत कुठे होता त्यावरून शटर उघडेल तेव्हा तो कुठे असेल ते कॅमेरा ठरवतो. मोजायला काहीच नसेल तर अंदाज कशाचा बांधणार? पक्षी दूर असतानाच अंगठा दाबा, त्याच्याबरोबर फिरा, आणि तो हव्या त्या जागी आला की मगच शटर. पंखांची स्थिती, मान, प्रकाश हे बघायला मधले दोन-तीन सेकंद कामी येतात.

दुसरं कारण असं की लेन्स आधीच भलत्या अंतरावर बसलेली असते. मघाशी जवळच्या काडीवरच्या वेड्या राघूचा फोटो काढला, फोकस सात मीटरवर राहिला, आणि आता साठ मीटरवरून रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा जातोय. सात मीटरवर फोकस असलेल्या लांब लेन्समधून साठ मीटरवरचा थवा दिसतच नाही, नुसता गुलाबी धुरळा दिसतो. कॅमेऱ्यालाही तेवढंच दिसतं, म्हणून तो मागे-पुढे चाचपडत राहतो. पक्षी ज्या अंतरावरून जातील असा अंदाज आहे तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या खांबावर, बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावर किंवा लाटेच्या रेषेवर आधी फोकस घेऊन ठेवा आणि अंगठा उचला. शटरवर फोकस असलेल्या माणसाला हे करता येत नाही, कारण शटरला बोट लागलं की त्याचा फोकस पुन्हा हलतो. बॅक बटणावर तो राहतो तिथेच राहतो.

फोकस लिमिटर हा लेन्सच्या अंगावरचा खटका अनेकांनी कधी हलवलेलाच नसतो. निकॉनच्या २००-५०० मिमी लेन्सवर तो पूर्ण किंवा ६ मीटर ते अनंत असा आहे. सोनीच्या २००-६०० वर १० मीटर ते अनंत अशी जागा आहे. कॅननच्या १००-४०० च्या दुसऱ्या आवृत्तीवर ३ मीटर ते अनंत. उडत्या पक्ष्यांसाठी तो दूरच्या टप्प्यावर ठेवलात तर चाचपडताना लेन्स अगदी जवळपर्यंत जाऊन परत येत नाही. मात्र काडीवरच्या जवळच्या पक्ष्याकडे वळताना खटका मागे घ्यायला विसरू नका, नाहीतर फोकस का लागत नाही हा नवाच प्रश्न उभा राहतो.

फोकस पक्ष्यावरून पार्श्वभूमीवर उडी मारतो

मोकळ्या निळ्या आकाशात घार टिपताना ही अडचण येत नाही. अडचण येते ती गवताला लागून उडणाऱ्या भोवत्याला (हॅरियरला) टिपताना, खारफुटीसमोरून जाणाऱ्या बगळ्याला टिपताना, पाण्याला चिकटून जाणाऱ्या सुरयला (टर्नला) टिपताना. मागे भरपूर रेषा आणि उजेड-सावलीचा ठळक फरक (कॉन्ट्रास्ट) असला की कॅमेऱ्याला तो भाग जास्त सोपा वाटतो.

यावर पहिला उपाय अंगठ्यातच आहे. पॉइंट घसरल्याचं जाणवलं, की अंगठा उचला. बहुतेक जण उलट करतात, घाबरून आणखी जोरात दाबतात, आणि लेन्स थेट मागच्या डोंगरावर जाऊन बसते. अंगठा उचलला की फोकस पक्ष्याच्या आसपासच राहतो. पॉइंट पुन्हा पक्ष्यावर आणा आणि परत दाबा. काही अनुभवी लोक मुद्दामच असं थोड्या-थोड्या वेळाने सोडून पुन्हा दाबत राहतात. पक्षी लांब असेल, आडवा जात असेल तर हे फार छान चालतं. समोरून वेगाने येत असेल तर मात्र धरून ठेवलेलं बरं.

दुसरा उपाय फोकस एरियाचा, म्हणजे कॅमेऱ्याने फ्रेमच्या किती भागात फोकस शोधावा याचा. आकाश मोकळं असेल तर मोठा झोन घ्या, कारण तिथे पक्ष्याशिवाय पकडण्यासारखं काहीच नसतं. मागे झाडी असेल तर एक पॉइंट आणि त्याच्या शेजारचे मोजके पॉइंट, एवढंच. निकॉनमध्ये डायनॅमिकचा छोटा पर्याय किंवा ग्रुप, कॅननमध्ये एक्सपँडेड पॉइंट. सगळ्या पॉइंटांची मोकळीक देऊन झाडीसमोरचा बगळा टिपायचा हट्ट डीएसएलआरवर तरी करू नका.

तिसरा उपाय ट्रॅकिंगच्या चिकटपणाचा, म्हणजे मध्ये काही आलं तर कॅमेऱ्याने किती वेळ जुन्या पक्ष्याला धरून राहावं याचा. इथे कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या उलटे आहेत आणि दुसऱ्याचं सेटिंग ऐकून लावणारे हमखास फसतात. सोनीत १ म्हणजे धरून ठेवणं आणि ५ म्हणजे चटकन नव्या वस्तूवर जाणं. निकॉनच्या ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्समध्ये १ म्हणजे चटकन आणि ५ म्हणजे सावकाश. कॅननमध्ये उणे म्हणजे धरून ठेवणं, अधिक म्हणजे चटकन. सोनीवाल्या मित्राने सांगितलेला ‘२’ निकॉनवर लावला तर परिणाम बरोबर उलटा होतो. खारफुटीच्या फांद्यांआडून जाणारे पक्षी टिपायचे असतील तर धरून ठेवण्याकडे सरका. पण तुमचा पॉइंटच वारंवार पक्ष्यावरून घसरत असेल, तर फार चिकट सेटिंग तोट्याचं. कॅमेरा मग चुकून पकडलेल्या डोंगरालाच चिकटून बसतो.

पंख शार्प, डोळा मऊ

या तक्रारीतला माणूस खरं तर बराच पुढे आलेला असतो. इथे अडचण भूमितीची आहे.

६०० मिमी लेन्स, एफ/६.३, क्रॉप सेन्सर आणि पक्षी २० मीटरवर असेल, तर शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली साधारण पाव मीटर असते. चित्रबलाकाचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास भरतात. तो तिरका येत असेल तर जवळच्या पंखाचं टोक आणि डोळा एकाच पट्ट्यात बसणं शक्यच नाही. त्यात वेगाची भर. ताशी ३६ किमी वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला १० मीटर कापतो, म्हणजे एका सेकंदाच्या दहाव्या भागात १ मीटर. समोरून येत असेल तर दर सेकंदाला १० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन फ्रेमांमध्ये तो शार्प पट्ट्याच्या चौपट अंतर पुढे सरकलेला असतो. हे आकडे डोळ्यासमोर ठेवले की समोरून येणाऱ्या पक्ष्याच्या बर्स्टमधल्या निम्म्या फ्रेम गेल्या तरी वाईट वाटत नाही.

अंतर दुप्पट झालं की ही खोली जवळपास चौपट होते. ४० मीटरवर ती साधारण एक मीटर. म्हणून नवशिक्याने आधी जरा लांबून, आडव्या जाणाऱ्या पक्ष्यांवर हात बसवावा. फोटोत पक्षी लहान दिसेल, पण का चुकलं आणि का जमलं हे तिथे कळतं. जवळून येणारा पक्षी घेताना झोनऐवजी छोटा एरिया घ्या आणि तो मानेवर ठेवायचा प्रयत्न करा. झोनमध्ये कॅमेरा साधारणपणे जे सर्वात जवळ आहे ते पकडतो, आणि सर्वात जवळ बहुधा पंखाचं टोक असतं. उजेड पुरेसा असेल तर एफ/८ वर जा. थोडा फरक पडतो, चमत्कार होत नाही.

फोकस निर्दोष असताना

शटरच्या वेगाचं बोलणं लवकर आटपतं. बगळा, चित्रबलाक, रोहित यांना १/१६०० ते १/२०००. कुरव (गल), सुरय, बदकांना १/२५००. वेडा राघू किंवा पाकोळीला १/३२०० आणि वर. आयएसओ वाढेल, वाढू द्या. नॉइज (फोटोतले दाणे) सॉफ्टवेअरने कमी करता येतो, हललेला डोळा परत येत नाही.

तापलेल्या हवेबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे, कारण तिच्यामुळे लोक उगाच लेन्स विकतात. उजनीच्या फुगवट्यावर किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर सकाळी सातला जी लेन्स पिसन्पिस दाखवते, तीच साडेदहाला ऐंशी मीटरवरच्या पट्टकदंबाचं (बार-हेडेड गूजचं) नुसतं ढेकूळ दाखवते. पाणी, ओली जमीन आणि वरची हवा यांच्या तापमानात फरक पडला की प्रकाश वेडावाकडा वळतो. बर्स्टमधली प्रत्येक फ्रेम वेगळ्या ठिकाणी वाकलेली असते, एखादी मध्येच बरी असते, आणि कुठेच, अगदी पुढच्या पाण्यावरही, कडक धार नसते. खात्री करायची असेल तर त्याच वेळी दहा-पंधरा मीटरवरच्या काडीचा फोटो घ्या. तो शार्प आणि लांबचा मऊ, तर दोष हवेचा. यावर कुठलंच बटण चालत नाही. लवकर पोहोचा, किंवा अंतर कमी होईल अशी जागा निवडा. गाडीत बसून अर्ध्या उघड्या काचेतून टिपत असाल तर गाडीच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेचा फरकही असंच करतो. काच पूर्ण खाली करा, एसी आणि इंजिन बंद करा.

१.४ पटीचा कन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून चित्र मोठं करणारा जोड, एफ/५.६ च्या लेन्सला लावला की ती एफ/८ ची होते, आणि बऱ्याच डीएसएलआरमध्ये एफ/८ ला फक्त मधला किंवा मोजकेच पॉइंट चालतात. फोकस मंद झाला, कडेचे पॉइंट मेले, अशी तक्रार असेल तर कन्व्हर्टर काढून बघा.

आणि डीएसएलआरचं सूक्ष्म समायोजन, ज्याला कॅनन एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट आणि निकॉन एएफ फाइन ट्यून म्हणतं, ते सर्वात शेवटी. उडत्या पक्ष्याच्या फोटोवरून ते कधीच ठरवू नका. ट्रायपॉडवर, स्थिर वस्तूवर, चांगल्या उजेडात, दरवेळी फोकस बिघडवून पुन्हा घेऊन तपासा. स्थिर वस्तूवरही फोकस सातत्याने पुढे किंवा सातत्याने मागे पडत असेल तरच त्याला हात लावा. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) फोकस फोटो टिपणाऱ्या मूळ सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळपास येत नाही.

मिररलेसवर पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर

२०२० मध्ये कॅननचा आर५ आणि २०२१ मध्ये सोनीचा ए१ व निकॉनचा झेड९ आल्यापासून हे चित्र खूप बदललं आहे. कॅमेरा स्वतःच डोळा शोधतो. पण तो वारंवार चुकीच्या ठिकाणी डोळा शोधत असेल, लव्हाळ्यातल्या एखाद्या टपोऱ्या बोंडावर चौकोन बसत असेल, तर दोन बटणांची मांडणी करा. एएफ-ऑनवर मोठा एरिया आणि डोळ्याची ओळख, शेजारच्या तारांकित किंवा एई-एल बटणावर नुसता छोटा पॉइंट. आधी छोट्या पॉइंटने पक्षी पकडायचा, तो स्पष्ट झाला की अंगठा शेजारी सरकवायचा. धूसर पक्ष्याचा डोळा कॅमेऱ्याला सापडत नाही. आधी अंदाजे फोकस मिळाला की मग ओळख झटकन बसते. माझ्या मते अशा कॅमेऱ्यांवर मागच्या बटणांचं महत्त्व उलट वाढलंय.

हात कुठे बसवायचा

सराव भिगवणला करू नका. तिथे होडीचे पैसे भरलेले असतात, उजेड जात असतो, आणि माणूस घाईला येतो. अंगठ्याची सवय गावातच लावा. नांगरटीमागे फिरणारे गायबगळे यासाठी उत्तम, कारण ते थोडं उडतात, पुन्हा बसतात आणि माणसाला फारसं बिचकत नाहीत. शहरात घारी आहेत, पारवे आहेत. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे कुरव येतात. ते इतक्या जवळून, बोटीच्या वेगानेच उडतात की छोटा एरिया मानेवर धरून ठेवायचा याहून चांगला वर्ग मिळणार नाही. त्यांना गाठ्या-फरसाण मात्र टाकू नका, ते त्यांचं खाणं नाही. तीन-चार दिवस फोटो न काढता नुसता अंगठा दाबायचा-उचलायचा सराव केला तरी खूप फरक पडतो.

उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थव्यावर होडी घालायला नावाड्याला सांगणारे लोक मी पाहिलेत, आणि ते बघून खरोखर वाईट वाटतं. रोहित चिखलातलं बारीक खाद्य गाळत तासन्‌तास उभे असतात. त्यांना पुन्हापुन्हा उडवलं की तेवढा त्यांचा चरायचा वेळ गेला. शिवाय घाबरून उडालेला थवा तुमच्याकडे पाठ करूनच उडतो, म्हणजे फोटोच्या दृष्टीनेही हाती काही लागत नाही. नावाड्याला आधीच सांगा की लांबच थांब, इंजिन बंद कर, आम्हाला घाई नाही. बहुतेक नावाडी हे आनंदाने ऐकतात.

पक्षी आपणहून कधी उडतात हे माहीत असलं की उडवायची गरजच राहत नाही. २०२२ साली रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालेल्या ठाणे खाडीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. भरती चढली की चिखलाचे पट्टे पाण्याखाली जातात आणि थवे उठून भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या पाणथळींकडे निघतात. वाट ठरलेली, दिशा ठरलेली, अंतर ठरलेलं. लेन्स आधीच त्या अंतरावर आणून ठेवता येते. धरणांच्या फुगवट्यावर भरती नसते, तिथे वारा बघा. पक्षी उठतात आणि उतरतात ते वाऱ्याकडे तोंड करून. म्हणून वारा तुमच्या पाठीकडून येईल अशी जागा घ्या, म्हणजे त्यांचं तोंड तुमच्याकडे राहील. कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, आणि सूर्यही तेव्हा पश्चिमेलाच असतो. तिथे पश्चिमेला पाठ करून उभे राहा, फोकस लिमिटर दूरच्या टप्प्यावर टाका, आणि थवा लांब असतानाच अंगठा खाली जाऊ द्या.